घर कधी सोडायचे, हे पाणी येण्याआधी ठरवावे

पुराच्या तयारीविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा बरोबर काय काय घ्यायचे याचीच चर्चा करतो. घर नेमके कधी सोडायचे हा प्रश्न मात्र पाणी दाराशी येईपर्यंत तसाच पडून राहतो. माझ्या मते सगळ्या तयारीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर घरातल्या सर्वांनी कोरड्या दिवसांत एकत्र बसून ठरवायला हवे. पाणी चढत असताना माणूस ‘आणखी थोडा वेळ बघू’ असेच म्हणतो, कारण मागच्या पुरात पाणी अमुक पायरीच्या वर आले नव्हते, ही आठवण त्याला धीर देत असते. परंतु धरणातून सोडलेला विसर्ग, पात्रात साचलेला गाळ, मुख्य नदी तुडुंब असल्यामुळे ओढ्या-नाल्यांना येणारा फुगवटा आणि मधल्या काळात झालेली बांधकामे यांमुळे दोन पूर सहसा सारखे नसतात. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे तो एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निर्धास्त राहावे, असाही अर्थ नाही. तसा पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता 1 टक्का असते आणि त्या जागी 30 वर्षे राहणाऱ्याच्या बाबतीत ती साधारण 26 टक्क्यांपर्यंत जाते.

निघण्याची खूण ठरवताना घराचा उंबरठा धरू नये, रस्ता धरावा. घर उंच जोत्यावर असले, तरी सुरक्षित ठिकाणी नेणाऱ्या वाटेतला सर्वांत सखल भाग, मग तो लहानसा पूल असो वा मोरी, आधी पाण्याखाली जातो आणि घरात पाण्याचा थेंबही नसताना बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून ती जागा प्रत्यक्ष चालत जाऊन पाहावी, तिथे पाणी चढण्याआधी नदीची पातळी कुठवर येते हे जुन्या रहिवाशांना विचारावे आणि त्याच्याही बरेच अलीकडची खूण पक्की करावी. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस, गरोदर स्त्री किंवा तान्हे मूल असेल, तर ती खूण आणखी अलीकडे घ्यावी. शक्यतो उजेड असतानाच निघावे.

वाहत्या पाण्याच्या जोराचा अंदाज डोळ्यांना येत नाही. जोराने वाहणारे 15 सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाचा तोल घालवू शकते, 30 सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि 60 सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने ओढून नेते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचला आहे, गटाराचे झाकण जागेवर आहे की नाही, हे दिसत नाही. समोरची गाडी पार झाली म्हणून आपलीही होईल, हा हिशेब मला फार घातक वाटतो.

निघताना विजेचा मेन स्विच बंद करावा, परंतु पाय कोरडे असतील आणि बोर्डापर्यंतची जमीन कोरडी असेल तरच. एकदा पाण्यात उभे राहिल्यावर त्याला हात लावू नये. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरच्या बॅटरीत वीज असते, म्हणून तोही वेगळा बंद करावा. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवावा, कारण तो पाण्यावर तरंगत जाऊन आदळतो. पाणी दारातून येण्याआधी अनेकदा न्हाणीघराच्या जाळीतून आणि शौचकूपातून उलटे वर येते; तिथे वाळूची पोती दाबून ठेवावीत. जनावरांची दावी सोडावीत, बांधलेले जनावर जागच्या जागी बुडते. कागदपत्रे, रोजची औषधे, बॅटरी आणि पिण्याचे पाणी यांची पिशवी आधीच भरलेली असावी.

अडकलोच, तर वर जावे, पण जिथून छतावर निघता येत नाही अशा बंद माळ्यावर जाऊ नये. फोनची बॅटरी राखावी आणि आपण कुठे, किती जण आहोत हे संदेशाने कळवावे.

पाणी ओसरल्यावर आवराआवरीची घाई होते, तीही धोक्याची असते. तळघरातले पाणी एकदम उपसले, तर बाहेरच्या ओल्या मातीच्या दाबाने भिंत आत कोसळू शकते. ते थोडे थोडे, टप्प्याटप्प्याने काढावे. भिजलेले वायरिंग जाणकाराने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. पुराचे पाणी लागलेले अन्न आणि औषधे टाकून द्यावीत, पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. गाळ काढताना उंच बूट आणि हातमोजे घालावेत, कारण त्यात काचा, खिळे, साप तर असतातच, शिवाय उंदरांच्या मूत्रातून पसरणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. पुढच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर तो थकवा समजून अंगावर काढू नये; त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि आपण पुराच्या पाण्यात वावरलो होतो, हे त्यांना न विचारता सांगावे.