आरसी गाडी घ्यायचीय? आधी स्वतः जोडा, मग पळवा

हल्ली बरेच जण विचारतात की आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोलच्या, रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांचा नाद लावून घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची, आणि इकडे देवगडसारख्या ठिकाणी राहून हे जमतं का. जमतं, मस्त जमतं. उलट मुंबईपुण्याच्या फ्लॅटमधल्या पोरांना गाडी पळवायला जागा शोधत फिरावं लागतं, आपल्याकडे घराबाहेर पाऊल टाकलं की खळं, त्याच्या पुढे सडा, म्हणजे जांभ्या कातळाचा उघडा माळ. आपल्याकडे नाही ते फक्त दुकान, आणि मला वाटतं सगळा विचार इथूनच सुरू करायला हवा.

आधी एक फरक. कुणकेश्वरच्या जत्रेत मिळते ती रिमोटची गाडी आणि हॉबीवाली आरसी गाडी या दोन पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत. जत्रेतल्या गाडीत सगळं एकाच सर्किटवर असतं, बटण दाबलं की चाक पूर्ण वळतं नाहीतर अजिबात वळत नाही, आणि एक गिअर तुटला की गाडी गेली कारण तो गिअर वेगळा विकतच मिळत नाही. हॉबीवाल्या गाडीत रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर वेगळा, मोटरला करंट देणारा ईएससी वेगळा, चाकं वळवणारा सर्व्हो वेगळा, मोटर वेगळी, बॅटरी वेगळी, म्हणजे जे बिघडेल तेवढंच बदलायचं. आणि स्टिअरिंग जेवढं फिरवाल तेवढंच चाक वळतं, ट्रिगर जेवढा ओढाल तेवढाच वेग, त्यामुळे ती खऱ्या अर्थाने चालवावी लागते आणि हात बसायला वेळ लागतो. मजा त्यातच आहे.

आता हॉबीवाल्या गाड्यापण दोन प्रकारे मिळतात, एक तयार, डब्यातून काढली की पळवा, आणि दुसरी किट, म्हणजे स्क्रू, गिअर, बेअरिंग सगळं पिशव्यांमधे सुटं आणि सोबत चित्रांचं पुस्तक. यूट्यूबवर बहुतेक जण सांगतात की नवशिक्याने तयार घ्यावी. मी आपल्या भागातल्या माणसाला सांगेन की किटच घे. कारण इथली जांभ्याची लाल धूळ आणि खारी हवा गाडी तुम्हाला उघडायला लावणारच आहे, आज ना उद्या. तेव्हा ज्याने ती स्वतःच्या हाताने जोडलीय त्याला कुठला स्क्रू कुठे गेलाय ते माहीत असतं, तो संध्याकाळी गाडी उघडून साफ करून रात्री परत बंद करतो. ज्याने तयार घेतली तो ती कुरिअरने कुठेतरी पाठवायची तजवीज करत बसतो नाहीतर माळ्यावर टाकतो.

किटमधे पहिलं नाव टामियाचं. जपानच्या शिझुओका शहरातली कंपनी, १९७६ मधे पोर्श ९३४ ही त्यांची पहिली आरसी गाडी आली. १९८४ ची ग्रासहॉपर बग्गी तर त्यांनी २००५ मधे परत काढली आणि आजही लोक पहिली गाडी म्हणून ती घेतात, कारण जोडायला सोपी आणि दणकट. २०१३ ची टीटी-०२ चासी (गाडीचा सांगाडा) पण सुरुवातीला छान, फोर व्हील ड्राइव्ह आहे, पण रस्त्याची गाडी असल्याने पोट जमिनीला लागतं, आपल्या मातीत तिची बग्गीवाली आवृत्ती टीटी-०२बी बरी. एक लक्षात ठेवा, टामियाच्या किटमधे साधारणपणे रिमोट, रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी, चार्जर येत नाही, ते वेगळं घ्यायचं असतं, तेव्हा किटची किंमत बघून बजेट ठरवू नका. हे जड वाटत असेल तर डब्ल्यूपीएल कंपनीचे छोटे १/१६ ट्रक, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाएवढे, किटमधे मिळतात, हळू चालतात, स्वस्त आहेत, आणि गिअरबॉक्स, ॲक्सल, सस्पेन्शन म्हणजे काय ते हाताला कळतं. ब्रशलेस मोटरवाली वेगवान गाडी पहिली म्हणून नकोच, वेग वाढला की धडकेत तुटतंपण जास्त आणि पार्ट यायला इकडे दिवस लागतात.

जोडताना सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. जपानी किटमधले प्लस स्क्रू दिसायला आपल्या नेहमीच्या स्क्रूसारखेच असतात पण त्यांचं माप जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचं, आपल्या घरातला साधा ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, सटकतो आणि स्क्रूचं डोकं खातो, म्हणून एक जेआयएसवाला ड्रायव्हर आधीच मागवून ठेवा. प्लास्टिकमधे स्क्रू पहिल्यांदा घालताना त्याला किंचित साबण लावायचा, सोपा जातो. आणि तोच स्क्रू काढून परत घालताना आधी उलटा फिरवायचा, हलक्या हाताने, मग एका जागी तो टिक करून खाली बसल्यासारखं बोटाला जाणवतं, तिथे आधीचा आटा सापडला, आता सरळ फिरवायचं. हे न करता दर वेळी दाबून घातला तर नवा आटा पडतो आणि चारपाच वेळात भोक ढिलं होतं. कोकणात गाडी किती वेळा उघडावी लागते ते धरलं तर या एका सवयीवर चासीचं आयुष्य आहे. धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूला निळा थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद, थेंबभर, मोटरचे स्क्रू तर हमखास, पण प्लास्टिकला तो चुकूनही लावायचा नाही, प्लास्टिक तडकतं.

सर्व्हो बसवण्याआधी रिमोट, रिसीव्हर, ईएससी, बॅटरी सगळं टेबलावरच जोडून चालू करा, रिमोटवरची ट्रिम, म्हणजे चाक सरळ करायची बारीक सेटिंग, शून्यावर ठेवा, सर्व्हो आपोआप मधे येऊन थांबतो, मग त्याचा हॉर्न, म्हणजे टोकाची छोटी दांडी, सरळ लावायचा. गाडीत मोटर पुढेमागे सरकवता येत असेल तर मोटरचा छोटा पिनियन आणि मोठा स्पर गिअर यांच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करायची आणि पट्टी फिरवून काढून टाकायची, तेवढी फट पुरते. आणि किटमधे प्लास्टिकचे बुश आले असतील तर तेव्हाच सीलवाली बॉल बेअरिंग घाला, नंतर घालू म्हटलं तर अख्खी गाडी परत खोलावी लागते.

बॅटरीबद्दल थोडं गंभीरपणे. सुरुवातीला ७.२ व्होल्टची निमएच (NiMH, निकेल मेटल हायड्राइड) घ्या, सहा सेलची, दणकट असते आणि चूक सहन करते. लायपो (लिथियम पॉलिमर) हलकी आणि ताकदवान पण तिचे नियम पाळावेच लागतात. एक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, त्याच्या वर नाही, आणि ३ च्या खाली कधीच जाऊ द्यायची नाही, म्हणून ईएससीमधे लायपो कटऑफ, म्हणजे व्होल्टेज उतरलं की गाडी थांबवायची सोय, चालू आहे ना ते बघा. सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरनेच चार्ज करायची, समोर बसून, रात्री लावून झोपायचं नाही. काही दिवस वापरणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची. फुगली तर वापर बंद. चालू करताना आधी रिमोट मग गाडी, बंद करताना आधी गाडी मग रिमोट, हा क्रम घरात जो कोणी हात लावेल त्याला शिकवा.

आता पळवायचं कुठे. सुरुवात खळ्यात करा, चार नारळाच्या करवंट्या मांडून त्यांच्यामधून आठचा आकडा काढायचा, हळू. गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावंउजवं उलटं होतं, तेवढं डोक्यात बसलं की निम्मं ड्रायव्हिंग आलं. आंब्याच्या जुन्या पेटीच्या फळ्यांचा रॅम्प छान होतो. पोरं तर जमतातच, "दादा, माका एकदा चालवूक दे मां," आणि द्यावी, फक्त रिमोटवर वेग कमी करायची सोय असते ती वापरून. शेजारचे आजोबा पडवीतून हमखास विचारतात, "केवढ्याक पडलां रे ह्यां?"

हात बसला की सडा. क्रॉलर, म्हणजे खडकांवरून हळूहळू चढणाऱ्या गाडीला याच्यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही, उघडा कातळ, खड्डे, कपारी, मधेच गवताचे पट्टे, आणि गाडी एकेक चाक उचलत चढते ते जवळ बसून बघत राहावंसं वाटतं. पण कातळ सॅंडपेपरसारखा टायर खातो, आणि मे महिन्यात तो तापलेला असतो, तेव्हा अधूनमधून थांबून मोटरला बोट लावून बघा, धरवत नसेल तर सावलीत गार होऊ द्या. अजून एक, आणि हे मनापासून सांगतोय. आपल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कुडोपी, बारसू, उक्षी अशी काही २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण अशी कितीतरी शिल्पं कुंपणाशिवाय उघड्यावर आहेत. कातळावर कोरलेली रेघ दिसली की तिथे गाडी न्यायची नाही, ढकलूनसुद्धा नाही.

समुद्रकिनाऱ्याचा मोह सगळ्यांना होतो, व्हिडिओपण भारी येतात. मी नेत नाही. बारीक रेती मोटरच्या भोकांतून आत जाते, आणि खारं पाणी बेअरिंगला आणि कनेक्टरला असं गंजवतं की वॉटरप्रूफ लिहिलेल्या ईएससीचाही त्यापुढे भरवसा धरू नये. शिवाय थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत आपल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूत असतात, फक्त वेळास आणि आंजर्ल्यातच नाही. कुणी नेलीच तर भरतीच्या रेषेच्या वर तरी जाऊ नका, आणि घरी आल्याआल्या बॅटरी काढून, इलेक्ट्रॉनिक्स वाचवून, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, बेअरिंगला तेल द्या. सड्यावरून आल्यावर मात्र पाणी नकोच, जुना रंगाचा ब्रश घेऊन लाल धूळ झाडायची, गिअरबॉक्सच्या सांध्यांत आणि सस्पेन्शनच्या पिनांपाशी नीट.

जून ते सप्टेंबर गाडी बाहेर निघत नाही, ते महिने जोडण्याचे. पण बॉडी रंगवायचं काम पावसाच्या आधी उरका. पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडी आतून रंगवतात, त्यासाठीचा रंग वेगळा मिळतो, गडद रंग आधी आणि फिका मागून, आणि दमट हवेत स्प्रे मारला की रंगावर पांढुरका धूर बसतो जो मग निघत नाही. तेव्हा ज्यांना या पावसाळ्यात किट जोडायचंय त्यांनी ऑर्डर एप्रिलमधेच टाका, बॅटऱ्या सोबत मागवत असाल तर अजून थोडं आधी, कारण लायपो बऱ्याचदा विमानाने न येता रस्त्याने येते आणि घाट उतरून आपल्यापर्यंत पोचायला वेळ घेते.