काकांचं ७०७

काल रात्री काकांना फोन केला तेव्हापासून मन थाऱ्यावर नाहीये. मी म्हटलं, काका, तुमचं ७०७ सापडलं. म्हणजे ते बोईंग विमान, ज्याची दुरुस्ती काका करायचे. जरा वेळ पलीकडून काहीच नाही, मग म्हणाले, "उभं आहे का कुठे?" म्हटलं नाही, पण पुढे काय झालं ते ऐका तर. तर म्हणाले, "मग राहू दे गं. नको सांगूस." आणि लगेच आईच्या गुडघ्यांची चौकशी.

एवढंच झालं. लागेल असं काही बोलले नाहीत. तरी लागलंच.

किती आनंदात लावला होता तो फोन. त्यांच्यासाठीच शोधतेय असं मी इतके दिवस धरून चालले होते, आणि त्यांनाच नको असेल तर मग हे सगळं कुणासाठी? घरात दुसऱ्या कुणाला यात काडीचा रस नाही. मी काही सांगायला लागले की समोरचा मोबाईल उचलतो, त्याची आता सवय झालीय, पण काकांकडून हे नव्हतं अपेक्षित. बाकीच्यांचं सोडा.

आणि जुन्या विमानाचं पुढे काय झालं ते शोधणं सोपं नसतं हो. लोकांना वाटतं नंबर टाकला की सापडलं. पण विमानाच्या अंगावर रंगवलेली अक्षरं म्हणजे त्याची ओळख नव्हे, विमान दुसऱ्या देशात विकलं की ती बदलतात, अमेरिकेत एन, ब्रिटनमध्ये जी, नायजेरियात फाइव्ह-एन, काँगोत नाइन-क्यू, आणि त्या काळातली कितीतरी ७०७ प्रवासी सेवेतून निघाल्यावर मालवाहू होऊन अशीच हात बदलत आफ्रिकेत फिरली. भाड्याने गेलं तर रंगही वेगळा. न बदलणारा म्हणजे कारखान्यात मिळालेला कन्स्ट्रक्शन नंबर, तो एका छोट्याशा धातूच्या पट्टीवर कोरलेला असतो, आणि फोटो काढणारे सगळे नाकाचे आणि शेपटीचे फोटो काढतात, पट्टीचा कोण काढतो! मग नोंदवह्या जुळवायच्या, एका देशाच्या यादीतून कधी बाहेर पडलं आणि दुसरीकडे कधी दाखल झालं ते बघायचं, मध्ये काही महिने रिकामे दिसले तर त्या काळातल्या कुणा स्पॉटरने, म्हणजे विमानं बघत टिपत फिरणाऱ्या हौशी माणसाने, कुठल्या तरी धावपट्टीच्या कडेला टिपलेलं विमान तेच का ते पडताळायचं, जुनी अक्षरं घाईत पुसलेल्या रंगाखालून दिसतात का ते बघायचं. असं करत करत मी पोचले ॲरिझोनाच्या वाळवंटात, डेव्हिस-मोंथनच्या हवाई तळावर. हवा कोरडी म्हणून गंज धरत नाही आणि जमीन इतकी टणक की काँक्रीट न घालताही जड विमानं उभी राहतात, म्हणून दुसरं महायुद्ध संपल्यापासून तिथे विमानं आणून ठेवतात. काही परत उडतात. बरीचशी नाही.

मला काकांना शेवट सांगायचाच नव्हता, शेवटानंतरचं सांगायचं होतं! १९८० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने निरनिराळ्या कंपन्यांची जुनी ७०७ घेतली, शंभरावर घेतली, ती उडवायला नव्हे तर त्यांची इंजिनं आणि मागचे आडवे पंख काढून केसी-१३५ टँकरना, म्हणजे उडत्या विमानांत इंधन भरणाऱ्या विमानांना, बसवायला. त्या टँकरची मूळची जे-५७ इंजिनं जुनाट, टेकऑफला जोर मिळावा म्हणून त्यात पाणी सोडावं लागायचं, धूर आणि आवाज तर विचारायलाच नको. ७०७ ची जेटी-३-डी त्यापेक्षा ताकदवान, इंधन कमी, शिवाय उतरल्यावर उलटा जोर देऊन ब्रेकला मदत करणारी. असे दीडशेहून जास्त टँकर तयार झाले, केसी-१३५ई म्हणतात त्यांना, आणि त्यातला शेवटचा २००९ मध्ये निवृत्त झाला. म्हणजे ज्या जातीच्या इंजिनांत काकांचे हात कोपरापर्यंत काळे व्हायचे ती इंजिनं एअरलाइनमधून गेल्यावरही वीस वर्षं आकाशात होती, आणि खाली धड, खिडक्या, दारं, ते सगळं तोडून वितळवलं गेलं.

हे चांगलंच आहे ना ऐकायला? मला तरी वाटलं होतं.

पहाटेपर्यंत हाच विचार. वाईट नक्की कशाचं वाटतंय? त्यांनी ऐकलं नाही याचं, की मी त्यांना नको ते विचारायला लावलं याचं. "उभं आहे का" असं विचारताना आवाज केवढा बदलला होता. त्यांच्या डोक्यात बहुतेक ते ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचं असणार, मीच मागे सांगितलं होतं, की क्वांटासचं पहिलं ७०७ कितीतरी वर्षं इंग्लंडमध्ये साउथएंडला नुसतं पडून होतं आणि निवृत्त इंजिनिअरांनी जाऊन ते परत उडण्यासारखं केलं आणि डिसेंबर २००६ मध्ये स्वतःच्या पंखांवर ऑस्ट्रेलियाला नेलं. ते ऐकून काका कितीतरी वेळ हसत होते. तसं काहीतरी हवं होतं त्यांना. ते माझ्याकडे नव्हतं.

पण प्रत्येकाला कळायला हवंच असतं असं मी का धरून चालले? कळायला हवं असणारेही आहेतच. लेडी बी गुड नावाचं लिबरेटर बॉम्बर विमान १९४३ च्या एप्रिलमध्ये नेपल्सवरच्या हल्ल्यातून परतताना रात्रीच्या अंधारात तळ ओलांडून लिबियाच्या वाळवंटात गेलं, समुद्रात पडलं असंच सगळ्यांनी धरलं होतं, १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना ते दिसलं आणि मग दोन वर्षांनी नऊपैकी आठ जणांचे अवशेष मिळाले. त्या घरांत इतक्या वर्षांनी उत्तर पोचलं. नवव्याच्या घरी नाहीच. आणि २००३ मध्ये अंगोलातल्या लुआंडाच्या विमानतळावरून एक बोईंग ७२७ न विचारता उडालं, एन-८४४-एए, बत्त्या बंद, रेडिओ बंद, ते विमान आणि आत असलेली माणसं आजवर मिळाली नाहीत. त्यांच्या घरच्यांना कुणी "नको सांगूस" शिकवायला गेलं तर? तिथे माणसं होती. काकांच्या विमानात शेवटी कुणीच नव्हतं. हा फरक मला काल फोन लावताना सुचायला हवा होता असं नाही, पण आज सुचतोय.

बाबांचंही असंच काहीतरी होतं, पण ते असू दे.

दुपारी काकांचाच फोन. मी घाबरतच उचलला. कालचा विषय नाही, एकदम सुरू, "तू फोटो बघतेस ना, इंजिनाच्या वरच्या बाजूला फुगवटा असतो तो कधी मोजलास का?" मोजलाय म्हटलं. केबिनमध्ये हवा दाबून भरायचा टर्बोकंप्रेसर असतो त्यात, बऱ्याच ७०७ वर तीनच इंजिनांना, डावीकडच्या टोकाच्या एक नंबरला नसतो. मला हे फोटोंवरून माहीत, विमान ओळखायला उपयोगी पडतं म्हणून. काकांना तो आवाजावरून माहीत होता. कुठला बिघडायला आलाय ते खाली उभं राहून कळायचं म्हणे, आणि मग रात्रीत शिडी लावून तो उतरवायचा, सकाळच्या उड्डाणाआधी दुसरा चढवायचा, थंडीत पान्हा हाताला चिकटायचा. तासभर बोलत होते. माझ्या कुठल्याही यादीत यातलं एक अक्षर नाही, त्यात फक्त तारखा आहेत, आलं, गेलं, विकलं, तोडलं.

मी इंजिनांचं सांगू का असं ओठावर आलं होतं. नाही सांगितलं. लागलेलं अजून आहे थोडं, ते नाही म्हणत नाही मी, पण कालच्यासारखं नाही. त्यांना ते विमान चालू हवंय, माझ्याकडे ते चालू असतानाच्या वीसेक वर्षांचेही कागद आहेतच की, तेवढे द्यायचे. बाकीचं माझ्यापाशी राहील, मला ते जड नाही.

फोन ठेवताना म्हणाले, उजवीकडे मागच्या कार्गोच्या दाराखाली एक पॅच होता, त्यांच्या हातचा, ट्रॉली धडकली होती तिथे, रिव्हेटची रांग किंचित तिरकी गेलीय. मी लगेच सगळे फोटो काढून बसले. वाळवंटातला डावीकडून आहे. अजून दोन आहेत तेही डावीकडूनच, आणखी एकात दाराशी शिडी आडवी आलीय. उजव्या बाजूचा पाहिजे, आणि उडत असतानाच्या काळातला. ते विमान ज्या मार्गावर उडायचं त्यावर तेव्हा कुठले कुठले विमानतळ होते त्याची यादी आत्ता काढतेय.