गुण कापले कुणाचे?

फुटबॉलचा समर्थक मुळात हिशेबाच्या वाटेला जाणारा नव्हे. त्याला गोल कळतो, ऑफसाइड कळतो, पंचांचा आंधळेपणा तर सर्वांत आधी कळतो. पण ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, मालकाने घातलेले भांडवल आणि मालकाने दिलेले कर्ज यांतला फरक, असल्या गोष्टी आमच्यासारख्या लेखापरीक्षकांनी पोटासाठी शिकायच्या असतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने ही जुनी वाटणी अलीकडे पार मोडून टाकली आहे. ज्याने दहावीनंतर कॉमर्सकडे ढुंकूनही पाहिले नाही, तो माझा भाचा रविवारी जेवता जेवता मला विचारतो, "मामा, खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर विभागून दाखवली तर त्यात चुकीचं काय आहे?" चुकीचे काहीच नसते, लेखाशास्त्राला ते मान्यच आहे. पण हा प्रश्न त्याला पडावा आणि तो मँचेस्टर सिटीचा कट्टर समर्थक असावा, या दोन गोष्टींचा परस्परसंबंध न कळण्याइतका मी भोळा नाही.

लीगचा त्या काळचा नियम सांगायला सोपा होता. क्लबने तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांहून अधिक तोटा करायचा नाही. मैदान, युवा अकादमी आणि महिला फुटबॉल यांवरचा खर्च या मोजणीतून वगळायचा. श्रीमंत मालकाने हौसेपोटी वाटेल तसा पैसा ओतावा आणि तो कंटाळून निघून गेल्यावर गावाचा शंभर वर्षांचा क्लब कर्जात बुडावा, असे होऊ नये हा त्यामागचा हेतू. हेतूबद्दल सहसा कुणी भांडत नाही. भांडण सुरू होते ते नियम कुणी मोडला, आधी कुणाला पकडले आणि किती शिक्षा केली या तीन प्रश्नांवर. आणि त्या भांडणात माझाही एक पक्ष आहे, तो आधीच सांगून टाकतो.

मी एव्हर्टनचा. याला कारण १९८६ चा विश्वचषक. त्या वर्षी दूरदर्शनवर सारा देश मॅराडोनाच्या प्रेमात पडला तेव्हा माझे लक्ष सर्वाधिक, म्हणजे सहा गोल करणाऱ्या गॅरी लिनेकरकडे गेले आणि तो एव्हर्टनकडून खेळतो असे कळल्यावर मी त्या क्लबचा झालो. पुढे समजले की तो तोपर्यंत बार्सिलोनाला निघूनही गेला होता. पण क्लब एकदा पत्करला की पत्करला. त्यात बदल करण्याची सोय नसते.

तर १७ नोव्हेंबर २०२३ या दिवशी एका स्वतंत्र आयोगाने एव्हर्टनचे दहा गुण कापले. प्रीमियर लीगच्या इतिहासात तोवर इतकी मोठी कपात कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. आयोगाच्या हिशेबाप्रमाणे क्लबचा तीन वर्षांचा तोटा १२ कोटी ४५ लाख पौंड भरला होता, म्हणजे मर्यादेपेक्षा १ कोटी ९५ लाख जास्त. नव्या मैदानासाठीच्या कर्जाचे व्याज, कोविड काळात थंडावलेला खेळाडूंचा बाजार, युक्रेन युद्धामुळे हातचे गेलेले रशियन प्रायोजक अशी अनेक कारणे क्लबने पुढे केली, परंतु आयोगाला ती पटली नाहीत. मी ते निकालपत्र धंद्याच्या सवयीने पेन्सिल घेऊन वाचले. समोर दुसऱ्या एखाद्या कंपनीचे कागद असते तर मीही बहुधा आयोगाच्याच बाजूने सही केली असती, कारण मर्यादा ओलांडली हे अखेर क्लबनेही मान्य केले होते. तरीही निकालपत्र बाजूला ठेवताच मला पहिली आठवण झाली ती २०२१ मधल्या सुपर लीगच्या बंडाची. त्या वर्षी सहा बड्या क्लबांनी साऱ्या स्पर्धेलाच रामराम ठोकून आपली वेगळी चूल मांडण्याचा घाट घातला होता आणि तो फसल्यावर त्या सहांनी मिळून २ कोटी २० लाख पौंड दिले की प्रकरण मिटले. गुण एकाचाही गेला नाही. घर मोडायला निघालेल्याला चहापाणी आणि उधारी थकवलेल्याला फटके, असा हा न्याय मला वाटला. लेखापरीक्षकाचे मत आणि समर्थकाचे मत एकाच डोक्यात सुखाने शेजारी राहू शकतात, याचा तेव्हा मला पुरेपूर अनुभव आला.

एव्हर्टनच्या तेव्हाच्या मैदानावर, म्हणजे गुडिसन पार्कवर जमलेल्या लोकांच्या डोक्यात असले दुहेरी मत नव्हते. २६ नोव्हेंबरला मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यात साऱ्या स्टँडभर गुलाबी फलक वर झाले. त्यांवर लीगचे बोधचिन्ह आणि त्याखाली 'भ्रष्ट' एवढाच एक शब्द. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजले होते. तो आवाज टीव्हीतूनही अंगावर येत होता, आणि अशा वातावरणात कोणताही पाहुणा संघ चळचळ कापेल असे वाटत असतानाच तिसऱ्या मिनिटाला गार्नाचो नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने हवेत उलटे होत जी लाथ मारली, तिने मोसमातला सर्वांत देखणा गोल झाला आणि आमच्या क्रोधाची सगळी हवा गेली. भाच्याने त्या मिनिटाला मला एक शब्दही पाठवला नाही, फक्त फुटबॉलचे एक छोटेसे चित्र पाठवले. त्याचा क्लब युनायटेडचा हाडवैरी असूनही त्याला त्या दिवशी त्या गोलाचा आनंद आवरला नव्हता.

पुढे फेब्रुवारीत अपिलात दहाचे सहा झाले. क्लबने परस्पर सद्भावाने वागण्याचे कर्तव्य मोडले, असे आयोगाने धरले होते ते चूक ठरले, आणि इतर लीगमध्ये अशा गुन्ह्याला किती शिक्षा होते याचा विचार आयोगाने केला नव्हता तेही चूक ठरले. चार गुण परत मिळाल्याच्या आनंदात आम्ही होतो, तोच एप्रिलमध्ये पुढच्या हिशेबाच्या कालखंडासाठी आणखी दोन गेले. मधल्या काळात नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार कापले गेले होते. फॉरेस्टने मर्यादा ३ कोटी ४५ लाखांनी, म्हणजे आमच्या पहिल्या कसुरीच्या पावणेदोनपट ओलांडली होती. पण त्यांनी गुन्हा लवकर कबूल केला आणि चौकशीत सहकार्य केले म्हणून सहाचे चार झाले. मोसम सुरू असताना गुणतक्ता असा मागेपुढे होत होता की शनिवारी जिंकून वर चढावे आणि सोमवारी कुणीतरी वकिलाने खाली ओढावे.

फॉरेस्टचा बचाव मला व्यक्तिशः फार आवडला. हिशेबाची मुदत ३० जूनला संपत होती. आपला ब्रेनन जॉन्सन हा मोहरा त्यांनी तोवर विकला असता तर भोक बुजले असते, पण त्यांनी चांगल्या भावाची वाट पाहिली आणि १ सप्टेंबरला टॉटनमकडून ४ कोटी ७५ लाख पौंड घेतले. दोन महिने उशीर झाला, पण जास्त पैसे आले, मग आम्ही शहाणपणाच केला ना, असे त्यांचे म्हणणे. ज्याने आयुष्यभर मार्च अखेरचे दिवस काढले आहेत, त्याला या युक्तिवादावर हसावे की रडावे ते कळत नाही. एक एप्रिलला आलेला चेक कितीही मोठा असला तरी तो गेल्या वर्षाचा होत नाही, हे आमच्याकडे किराणा दुकानदारालाही समजते. पण इतर क्लबांनी यातून जो धडा घेतला तो आणखी विनोदी आहे. जून २०२४ च्या शेवटच्या दिवसांत चेल्सी, अॅस्टन व्हिला आणि खुद्द आमचा एव्हर्टन यांनी एकमेकांचे तरुण खेळाडू भराभर विकत घेतले आणि विकले. आपल्याच अकादमीत वाढलेल्या मुलाची वहीतली किंमत शून्य असल्याने तो विकला की आलेला सगळा पैसा त्याच वर्षाचा नफा, आणि विकत घेतलेल्याची किंमत मात्र पुढच्या पाच वर्षांवर पसरायची. आम्ही लुइस डॉबिन दिला आणि टिम इरोएगबुनाम घेतला. सगळे नियमात बसणारे, आणि सगळे पाहून लहानपणापासून क्लबचा बिल्ला छातीवर मिरवणाऱ्या मुलाचे काय झाले असेल असे वाटायला लावणारे.

भाच्याच्या क्लबचे प्रकरण याहून पुष्कळ मोठे आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी प्रीमियर लीगने मँचेस्टर सिटीवर शंभराहून अधिक आरोप ठेवले; २००९ पासूनच्या कितीतरी मोसमांचे हिशेब, प्रायोजकांचे पैसे, चौकशीतला असहकार असे सगळे त्यात आहे. क्लबने सारेच नाकारले. आरोपांचा ११५ हा आकडा इतका रुळला की प्रतिस्पर्धी समर्थकांना आता सिटीचे नाव घ्यावे लागत नाही, नुसता आकडा म्हटला तरी पुरते. सुनावणी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, डिसेंबरात संपली आणि त्यानंतर महिनोन् महिने निकाल आला नाही. आमचे प्रकरण आठ महिन्यांत निकाली काढणाऱ्या व्यवस्थेला येथे एवढा वेळ का लागावा, असे मी विचारले की भाचा शांतपणे सांगतो, "मामा, तुमचा एक आकडा होता आणि तो तुम्ही कबूल केला होता. इथं एवढे आरोप आहेत आणि एकही कबूल नाही." हे उत्तर बरोबर आहे, म्हणूनच मला ते आवडत नाही. मग मी २०२० सालचे काढतो. त्या वर्षी युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने सिटीवर घातलेली युरोपीय स्पर्धांची दोन वर्षांची बंदी क्रीडा लवादाने उठवली आणि तीन कोटी युरोंचा दंड एक कोटीवर आणला. लवादाने म्हटले होते की बरेचसे आरोप एकतर सिद्ध झाले नाहीत किंवा कालबाह्य झाले. मी 'कालबाह्य' वर जोर देतो, तो 'सिद्ध झाले नाहीत' वर. वाक्य एकच असते.

यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. समर्थकाला दंड ही शिक्षा कधीच पुरेशी वाटत नाही, मात्र दंड दुसऱ्या क्लबला झालेला असला पाहिजे. दंड मालक भरतो आणि मालकाला त्याचे काही वाटत नाही, असे तो म्हणतो. गुण कापले की तीच शिक्षा त्याला अमानुष वाटू लागते, कारण ते गुण मालकाने कमावलेले नसतात. ते पावसात उभे राहून, आणि आपल्याकडे झोप मोडून, त्याने स्वतः एकेक करून जमवलेले असतात. हिशेब चुकवणारा संचालक राजीनामा देऊन निघून जातो, क्लब विकला जातो, नवा मालक छायाचित्राला उभा राहतो. तक्त्यात खाली जातो तो मात्र समर्थक.

दंडाने न्याय होतो असे मानणाऱ्याने शेफिल्डला जाऊन तसे म्हणून पाहावे. २००७ मध्ये वेस्ट हॅमने कार्लोस तेवेझ या आपल्या खेळाडूच्या कराराबाबत नियम मोडला म्हणून त्यांना ५५ लाख पौंडांचा दंड झाला, गुण शाबूत राहिले. शेवटच्या दिवशी तेवेझनेच मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर गोल करून वेस्ट हॅमला वाचवले, आणि त्याच दुपारी शेफिल्ड युनायटेड विगनकडून हरून केवळ एका गोलाच्या फरकाने खालच्या श्रेणीत गेले. विगनचा निर्णायक पेनल्टी गोल मारणारा डेव्हिड अन्सवर्थ काही महिन्यांपूर्वीपर्यंत शेफिल्डचाच खेळाडू होता. (आणि त्याआधी अनेक वर्षे एव्हर्टनचा, पण त्याबद्दल आमच्याकडून कुणी माफी मागितल्याचे ऐकिवात नाही.) पुढे दोन्ही क्लबांत पैशांनी समझोता झाला. त्या पैशांनी तो मोसम काही परत आला नाही.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? २०२५ मध्ये आय-लीग ही भारतातली फुटबॉल स्पर्धा संपली तेव्हा गोव्याचे चर्चिल ब्रदर्स ४० गुणांवर आणि वाराणसीचे इंटर काशी ३९ वर होते, पण इंटर काशीच्या एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याने अपात्र खेळाडू खेळवला की नाही, याचा वाद मिटलेला नव्हता. फेडरेशनच्या अपील समितीने चर्चिलला विजेते ठरवले, जुलैत लोझानच्या क्रीडा लवादाने इंटर काशीला. मडगावच्या एका जुन्या सहकाऱ्याला मी तेव्हा फोन केला होता. तो म्हणाला, "अरे, आम्ही मैदानावर हरलोच नाही, कागदावर हरलो." काशीच्या कुणाला विचारले असते तर तोही मैदानाचाच हवाला देऊन नेमके उलटे म्हणाला असता.

या साऱ्यांत मला ल्युटन टाउनचे लोक सर्वांत मोठे वाटतात. २००८-०९ च्या मोसमात या लहानशा क्लबचे एकूण तीस गुण कापले गेले. दहा जुन्या व्यवस्थापनाने एजंटांना दिलेल्या पैशांतल्या गैरव्यवहारापायी आणि वीस दिवाळखोरीतून नियमाप्रमाणे बाहेर न पडल्यापायी. ज्यांनी पाप केले ते केव्हाच गेले होते आणि क्लब आता समर्थकांनीच पुढे येऊन हाती घेतला होता. त्या मोसमात ते फुटबॉल लीगमधून, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या श्रेणींमधूनही बाहेर फेकले गेले, पण त्याच वसंतात त्यांनी वेम्बलीवर फुटबॉल लीग ट्रॉफी जिंकली आणि फुटबॉल लीगचे अध्यक्ष मैदानात आले तेव्हा हजारो जणांनी त्यांची हुर्यो उडवली. पाच मोसम बिगरलीग फुटबॉलमध्ये काढून, पायरी पायरीने वर चढत ते प्रीमियर लीगमध्ये पोहोचले २०२३ मध्ये, म्हणजे नेमके आमचे आणि फॉरेस्टचे गुण कापले गेले त्याच मोसमात. मोसम संपला तेव्हा आठ गुण गमावूनही एव्हर्टन ४० वर होते, चार गमावून फॉरेस्ट ३२ वर आणि खालच्या श्रेणीत गेलेले ल्युटन २६ वर. म्हणजे एवढ्या आयोगांनी, वकिलांनी आणि गुलाबी फलकांनी मिळून शेवटी एकाही क्लबचे खाली जाणे बदलले नाही. भाच्याला मी ही बेरीज दाखवली तेव्हा तो म्हणाला, "मग मामा, तुम्ही एवढे चिडला होतात कशाला?" मी म्हटले, "ते आठ गुण माझे होते म्हणून." त्यावर त्याने ११५ चा निकाल विरुद्ध लागला तर किती गुण कापणे रास्त ठरेल ते मला विचारले आणि मी आकडा सांगताच जेवणाचे ताट अर्धे टाकून तो उठला.