कांदा नदीकाठी आसू

मुंबई विमानतळावर माझी सॅक स्कॅनरमधून बाहेर आली आणि सगळ्यांच्या सामानाबरोबर पुढे न येता बाजूच्या पट्ट्यावर वळली. बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. जवानाने आतून नारिंगी रंगाचा, साबणाच्या वडीपेक्षा जरासा मोठा अ‍ॅल्युमिनियमचा डबा काढला.

"हे काय आहे?"

"गिटारचं पेडल."

"गिटार कुठाय?"

"गिटार नाही आणली."

"मग हे कशाला?"

प्रश्न रास्त होता. शेवटी लेक पुढे झाली. "बाबाने स्वतः बनवलंय, जपानमधल्या एका आजोबांना द्यायचंय." डबा पुन्हा एकदा स्कॅनरमधून फिरून आला आणि आमची सुटका झाली. बॅटरी मी घरीच काढून ठेवली होती, तेवढं शहाणपण अनुभवाने आलंय.

हा नाद मला पंधरा-सोळा वर्षांपासून आहे. गिटार मी बेताचीच वाजवतो. पण गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये पायाने दाबायचे जे डबे असतात, आवाज फाडणारे, लांबवणारे, हेलकावणारे, ते बनवायला मला मनापासून आवडतं. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात. तिथे नाही मिळाले तर मुंबईला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या नावाने रेझिस्टर मागायला गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.) माझं पहिलं पेडल मी आईच्या फराळाच्या डब्यात बसवलं होतं. त्यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

नारिंगी डब्यात होतं ते ट्यूब स्क्रीमर नावाच्या प्रसिद्ध पेडलच्या जातीचं सर्किट. मूळ पेडल 1970च्या दशकाच्या अखेरचं, जपानचं. नाव आयबानेझचं, पण बनवणारी कंपनी निश्शिन ओन्पा. आत जेआरसी 4558 नावाची आठ पायांची चिप असते आणि जुन्या पेडलांतल्या त्या चिपसाठी जगभरची माणसं वेडी होतात. गंमत म्हणजे 4558 आपल्याकडे लॅमिंग्टन रोडच्या प्रत्येक बास-ट्रेबल किटमध्ये पडून असते. गणेशोत्सवाच्या मांडवात जो अ‍ॅम्प्लिफायर धडाडतो, त्यातही बहुधा तीच. मी दहा-पंधरा रुपयांना घेतो.

तर हे आजोबा. आमची ओळख झाली अनाहाइमला, जानेवारी 2020 मध्ये. कंपनीच्या कामासाठी मी कॅलिफोर्नियात होतो आणि त्याच आठवड्यात तिथे नॅम शो होता. नॅम ही वाद्यं विकणाऱ्यांची 1901 पासूनची संघटना, आणि तिचं प्रदर्शन डिझ्नीलँडच्या अगदी शेजारच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतं. ते धंद्यातल्या लोकांसाठी असतं, तिकीट काढून कोणीही आत शिरावं असं नाही. एका मित्राच्या ओळखीच्या दुकानदाराने मला आपला माणूस म्हणून बिल्ला मिळवून दिला. गोरेगावला पाम एक्स्पो मी पाहिलेलं होतं, पण तिथे राज्य स्पीकर आणि दिव्यांचं. इथे नुसती पेडलं मांडलेली टेबलंच्या टेबलं होती.

मजा एवढीच की तिथे पेडल ऐकू येत नाही. 85 डेसिबलची मर्यादा आहे, मीटर घेऊन फिरणारी माणसं आहेत, तरी हजार माणसं एकाच वेळी आपापलं वाजवत असतात. दादरच्या फुलबाजारात उभं राहून सनईचा सूर पारखण्यासारखं ते. मी वरचे मोठे दिमाखदार स्टॉल सोडून खाली हॉल ईमध्ये उतरलो. छोटे, नवखे, स्वतःच्या गॅरेजमध्ये चार-दोन नग बनवणारे लोक तिथे बसायचे. एका टेबलावरचं पेडल मी उचललं आणि सवयीने उलटं केलं. मागचं झाकण कसं बसवलंय, स्क्रू किती, वायर खुपसायचे जॅक कुठून येतात, ते बघायला. मान वर केली तर पलीकडे सत्तरीतले एक जपानी गृहस्थ शेजारचं पेडल उलटं धरून चष्म्याच्या वरून बघत होते. बाकी सगळे हेडफोन लावून वाजवत होते.

दोघंही हसलो. त्यांचं इंग्रजी तुटकं, माझं जपानी शून्य. ते योकोहामाचे, आयुष्यभर टीव्ही दुरुस्त करून निवृत्त झालेले. त्यांचा भाचा एका स्टॉलवर होता, त्याच्याबरोबर आलेले. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायला लागलो आणि अजून म्हणतो.

त्या संध्याकाळी काकांचा भाचा आम्हाला शेजारच्या फुलर्टनला घेऊन गेला. गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरचं गाव. कंपनी तिथलीच, 1946ची. गावात आता एक छोटं दुकान, दोन खोल्या, मालक स्वतः गिटारच्या तारा बदलत बसलेला. प्रदर्शनात दिवसभर जे ऐकू आलं नाही ते तिथे ऐकू आलं. मालकाने फेंडरचीच एक जुनी स्ट्रॅटोकास्टर गिटार दिली, अ‍ॅम्प लावला आणि कोणी काही वाजवायच्या आधी तो आवाज आला: घूंऽऽऽ. सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप टिपणारी एकेरी गुंडाळी) असलेली गिटार आसपासच्या विजेचा आवाज ओढून घेते, त्यात नवल काही नाही. पण मला तो चुकीचा वाटला. काय चुकलंय ते कळेना. मी फोनवर ध्वनिमुद्रण करून घरी पाठवलं. तिकडे सकाळ होती, लेक तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर रियाजाला बसली होती. वय वर्षं अकरा. तिने माझ्या टेबलावरचा अ‍ॅम्प सुरू केला, दोन्ही आवाज ऐकले आणि उत्तर पाठवलं, "बाबा, तुझ्या डब्याचा सा धरला तर हा कोमल ग आहे."

मी हॉटेलवर येऊन कागदावर मांडलं. आपली वीज 50 हर्ट्झची, अमेरिकेची 60. साठ भागिले पन्नास म्हणजे सहास पाच. सा आणि कोमल गंधार यांचं गुणोत्तर नेमकं तेच. पोरीने कानाने सांगितलं होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दोन महिन्यांत जग बंद झालं. 2021ला ते प्रदर्शन प्रत्यक्ष भरलंच नाही, 2022ला जानेवारीचं जूनवर गेलं. काका आणि मी एकमेकांना सर्किटचे फोटो पाठवत राहिलो. पत्राच्या शेवटी ते हवामान लिहायचे, मी कोणत्या भाज्या महागल्या ते लिहायचो. नोव्हेंबर 2023 मध्ये एकदाची आमची जपानची सहल ठरली. बायकोच्या यादीत क्योतो आणि फुजी, लेकीच्या यादीत खाणं, माझ्या यादीत एकच ओळ: ओचानोमिझु.

ओचानोमिझु म्हणजे चहाचं पाणी. इथल्या एका देवळातल्या झऱ्याचं पाणी शोगुनच्या चहाला जायचं म्हणे. स्टेशनातून बाहेर पडल्यावर हिजिरीबाशी पुलावर उभं राहावं. खाली हिरवट पाणी आणि त्याच्या अंगाने वेगवेगळ्या रंगांच्या लोकल, आणि मध्येच बोगद्यातून एक मेट्रो डोकं बाहेर काढून नदी ओलांडते नि पलीकडच्या बोगद्यात शिरते. नदीचं नाव कांदा. खरंच. लेक त्यावर दहा मिनिटं हसत होती आणि काका आल्यावर त्यांना कारण समजावून सांगण्यात आणखी दहा मिनिटं गेली.

स्टेशनपासून मेइजी विद्यापीठाकडे जो उतार जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना गिटारची दुकानं आहेत. शिमोकुरा, इशिबाशी, कुरोसावा, आणि नावं वाचता न आलेली कितीतरी. दुकानं उभी: एका मजल्यावर बास, एकावर अकूस्टिक, एकावर निव्वळ पेडलं. इथे पेडलला 'एफेक्ता' म्हणतात. काचेच्या कपाटात वापरलेली पेडलं रांगेने मांडलेली, प्रत्येकाखाली हाताने लिहिलेली चिठ्ठी. काकांनी मला एक वाचून दाखवली: रंग उडालेला, खटका किंचित कडक, आवाजात दोष नाही, जुन्या मालकाचा वेल्क्रो मागे तसाच आहे. आपल्याकडे सेकंडहँड स्कूटर विकताना एवढा प्रामाणिकपणा कोणी दाखवत नाही.

आणि वाजवून बघायची पद्धत. मला पुण्या-मुंबईच्या दुकानांची सवय. तिथे भिंतीवरच्या गिटारीला हात लावायच्या आत "घ्यायची आहे का?" येतं. इथल्या मुलाने गिटार उतरवली, फडक्याने पुसली, सहाही तारा सुरात लावल्या, मग दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. स्टूल आणून ठेवलं. अ‍ॅम्प होता रोलँडचा जेसी-120, 1975चं मॉडेल, अजून चालू आहे. त्याच्या पोटातलं कोरसचं, म्हणजे एका आवाजाचे अनेक भासवणारं, सर्किट बाहेर काढून रोलँडच्याच बॉसने 1976 मध्ये आपलं पहिलं पेडल केलं, सीई-1. काका हे सांगताना अ‍ॅम्पच्या डोक्यावरून हात फिरवत होते, नातवाच्या फिरवावा तसा.

मी सॅकमधून नारिंगी डबा काढला. भेट द्यायची तर आधी वाजवून दाखवावी. वायर जोडली, खटका दाबला.

घूंऽऽऽऽ.

गिटारचा नेहमीचा नव्हे, भलामोठा. डब्याला बोट लावलं की आणखी वाढायचा. दुकानातल्या मुलाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, हीच मला जास्त शिक्षा. घरी इतका कधी नव्हता. की होता, आणि मला सवय झाली होती?

काकांनी मान तिरकी केली. "हांदा?"

हांदा म्हणजे सोल्डर. मला जरा रागच आला. सोल्डरिंग माझं चांगलं आहे. मी जोरजोरात मान हलवली.

त्यांनी पुन्हा डब्याला बोट लावलं, काढलं, लावलं. मग शांतपणे म्हणाले, "आआसु."

लेक दचकली. "आजोबा रडतायत का?"

आसू नव्हे, आआसु. इंग्रजीतला 'अर्थ', म्हणजे जमीन, हा शब्द जपानीत असा झालाय. अमेरिकेत ज्याला ग्राउंड म्हणतात त्याला आपले वायरमन अर्थिंग म्हणतात आणि जपानचे आआसु. कांदा नदीच्या काठी आसू, यावर हसू आवरून आम्ही दुकानातून बाहेर पडलो आणि एका कॉफीच्या दुकानात टेबलावर रुमाल पसरून डबा उघडला.

काकांनी खिशातून मीटर काढला. (माणसं चष्मा विसरतील, हे मीटर विसरणार नाहीत.) एक टोक जॅकच्या अर्थला, दुसरं डब्याच्या आतल्या भिंतीला. बीप वाजायला हवी होती. वाजली नाही. त्यांनी नखाने आतला नारिंगी रंग खरवडायचा प्रयत्न केला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

धातूचा डबा हा नुसता डबा नसतो, बाहेरचा कुरकुराट अडवणारी ती भिंत असते. पण त्यासाठी डब्याला अर्थ मिळायला लागतो आणि माझ्या जुळणीत तो जॅकच्या नटबोल्टातून मिळायचा. आम्ही डबा पावडर कोटिंगला दिला होता आणि कारखान्यातल्या माणसाने मायेने सांगितलं होतं, "साहेब, आतूनपण करून देतो, तेवढ्याच पैशात." जॅक आणि धातू यांच्यामध्ये सुंदर नारिंगी थर बसला होता. कारागिराचं काम चोख, म्हणूनच डबा अधांतरी.

काकांनी किल्ल्यांच्या जुडग्यातली इवलीशी कानस काढली आणि भोकाभोवतीचा रंग गोल घासला. पाच मिनिटं. कॉफीच्या बशीत नारिंगी भुकटी पडली, ती त्यांनी कागदी रुमालात गोळा करून खिशात टाकली. पुन्हा मीटर. बीप.

बायको आणि लेक तोवर कांदा म्योजिनच्या देवळात जाऊन आल्या. तिथे कॉम्प्युटर सुरक्षित राहावा म्हणून ताईत मिळतो. बायकोने माझ्यासाठी एक आणला होता. "पेडलचा नव्हता," म्हणाली.

मग चालत अकिहाबाराला, एकाच स्टेशनाचं अंतर. तिथे रुळांच्या खाली रेडिओ सेंटर आहे, युद्धानंतर रस्त्यावर रेडिओचे भाग विकणाऱ्यांना मिळालेली जागा. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं एवढ्या बोळी. एका गाळ्यात फक्त खटके. एकात फक्त वायरी. एकात आजी ट्रान्झिस्टरच्या खणांमागे बसून विणकाम करत होत्या. डोक्यावरून लोकल गेली की सगळे खण बारीक थरथरायचे. लॅमिंग्टन रोडचा गोंगाट वजा केला तर बाकी तेच: आकडा सांगायचा, माणूस न बघता हात मागे घालतो आणि बरोबर तीच वस्तू पुढे येते. मी 4558ची एक पट्टी घेतली. पुण्यात मिळते, माहीत आहे.

दुकान बंद व्हायच्या आत आम्ही पुन्हा ओचानोमिझुला गेलो. तोच मुलगा. त्याने तीच गिटार पुन्हा पुसली, पुन्हा सुरात लावली. या वेळी खटका दाबल्यावर घूं आला तो अगदी खालचा, गिटारच्या कॉइलचा. मी तोही घालवता येईल का म्हणून डब्याकडे बघत होतो. काका म्हणाले, "नो, नो. धिस वन, तोक्यो."

तोक्योचा तो घूं माझ्या घरचाच होता. जपानची वीज दोन तऱ्हांची आहे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन, आणि तेव्हापासून पूर्वेला 50 हर्ट्झ, पश्चिमेला 60. लेकीने स्टुलाशेजारी उभं राहून हळूच सा लावला. काकांना तिने फुलर्टनची सगळी गोष्ट सांगितली, हातवारे करून, आणि ते प्रत्येक वाक्याला "होओ" म्हणत राहिले.

चार दिवसांनी आम्ही ओसाकाला होतो. शिनसाइबाशीजवळच्या एका दुकानात मी फक्त पाच मिनिटांसाठी शिरलो, बायकोला विचारून. गिटार पुसली गेली, लावली गेली, अ‍ॅम्प सुरू झाला. लेक माझ्याआधीच बोलली, "ग."

मी काकांना निरोप पाठवला की ओसाकातही घूं आहे. दुकानातून बाहेर पडायच्या आत उत्तर आलं. त्यात फक्त दोन आकडे होते: 60.