नांदुरीच्या घाटात दमलेली बोलेरो

श्रावणात आईला घेऊन वणीच्या गडावर निघालो होतो. म्हसरूळहून दिंडोरी, दिंडोरीहून वणी, गाडी लोण्यासारखी चालली. नांदुरी सोडून घाट लागला आणि बोलेरो ओढेनाशी झाली. दुसऱ्या गिअरमध्ये रेस पूर्ण दाबली तरी इंजिनाचा वेग चढायचाच नाही. मागं एसटी हॉर्न मारतेय, शेजारी आई सप्तशृंगीचं नाव घेतेय. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलो की पुढची दोन वळणं बरी जायची, मग पुन्हा तेच. दर्शन झालं, पण माझं अर्धं लक्ष खालच्या पार्किंगमध्ये होतं.

गाडी २००४ ची. आपल्या नाशकातच बनलेली, आणि १५ वर्षं उलटल्यावर पासिंगही मी हौसेनं करून घेतलेलं. घरी आल्यावर एका गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच निकाल दिला: "डिझेल पंप गेला. नोझलसकट खोलायला लागेल, अठरा हजार धरून चाला." मी मान हलवली आणि गाडी घरी आणली.

रविवारी सकाळी शांतपणे विचार केला. क्लच घसरत असता तर इंजिन ओरडलं असतं आणि गाडी जागेवर राहिली असती. इथं इंजिनच वर चढत नव्हतं. एअर फिल्टर चोंदला असता तर मागून काळा धूर आला असता, तोही नव्हता. टाकीचं झाकण सैल करून मखमलाबाद रोडला चक्कर मारली, फरक नाही, म्हणजे टाकीला हवा मिळत होती. उभ्या गाडीत आयडलिंग मात्र घड्याळासारखं. आयडलिंगला डिझेल लागतं थेंबभर, चढावर लागतं भरपूर. थेंबभर मिळतंय आणि भरपूर मिळत नाही, म्हणजे वाटेत कुठंतरी गळा आवळलाय.

डिझेल फिल्टरच्या बुडाला पाणी सोडायचा स्क्रू असतो. त्याखाली काचेची जुनी लोणच्याची बरणी धरली आणि स्क्रू ढिला केला. आधी गढूळ चहासारखं काहीतरी आलं, मग डिझेल. बरणी ओट्यावर ठेवली. पाच मिनिटांत दोन थर झाले. वर पिवळसर डिझेल, खाली बोटभर पाणी, आणि पाण्याच्या तळाशी तपकिरी गाळ. बायको म्हणाली, "बरणी आता परत स्वयंपाकघरात आणू नका."

वडाळा नाक्याला साडेतीनशेत नवा फिल्टर मिळाला. दुकानदार चाचांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, रबरी रिंगला डिझेलचं बोट फिरव, हातानं आवळ, रिंग टेकली की पाऊण फेरा पुरे, पाना लावून मर्दुमकी नको. दुसरी, नवा फिल्टर भरणार असशील तर कडेच्या बारीक भोकांतून भर, मधल्या भोकातून नको. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल गाळल्याशिवाय थेट पंपाकडे जातं.

जुना डबा जाम बसला होता. हात घसरत होता, म्हणून पॉलिश पेपरचा तुकडा गुंडाळून पिळला तेव्हा हलला. खाली फडकं होतं तरी कोपरापर्यंत डिझेल आलंच; तो वास साबणानं दोन दिवस जात नाही. नवा बसवला आणि घाईघाईत सेल्फ मारला. घर्र घर्र, स्टार्ट नाही. गाडीनं हवा धरली होती, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा अडकली होती. मग फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप दाबत बसलो. एअर काढायचा स्क्रू ढिला ठेवला, त्यातून आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. तसं झाल्यावर पंप दाबलेलाच ठेवून स्क्रू आवळला. अंगठा दुखून आला, पण पुढच्या सेल्फला गाडी उठली. जरा लंगडली, पांढरा धूर सोडला आणि लागली नीट चालायला.

पाणी आलं कुठून, हा प्रश्न उरला. मी आधी पेट्रोल पंपावर संशय घेत होतो. पण पंधरा दिवसांपूर्वी दिंडोरीला सासुरवाडीत टाकी कोरडी पडत आली होती आणि मेहुण्यानं शेडमधल्या ट्रॅक्टरच्या ड्रममधून वीस लिटर ओतलं होतं. ड्रमचं झाकण म्हणजे प्लास्टिकची पिशवी आणि वर एक दगड. पावसाळ्यात.

पुढच्या आठवड्यात बरणी घेऊनच गेलो. त्यानं उजेडात धरून निरखली.

"हां, पाणी असतंच त्यात. आम्ही ट्रॅक्टरच्या फिल्टरची वाटी रोज सकाळी सोडतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"दाजी, तुम्ही घाईत होता."