तुमची उंची कुठे आहे?

‘तुम्ही एवढे उंच, काम दिवसभर बसून. खुर्ची कुठली घेतलीत?’ महिन्यातून एकदा तरी कुणीतरी हे विचारतंच. विचारणारे बहुतेक आईबाप असतात. मुलगा सहा फुटांच्या वर गेलेला, पुण्यातल्या कंपनीचं काम सांगलीत घरी बसून करतो आणि संध्याकाळी कंबर धरून उठतो. त्यांना कंपनीचं नाव हवं असतं. मी उलट विचारतो, ‘पोराची उंची कुठे आहे?’

मी सहा फूट तीन इंच, माझा मामेभाऊही तेवढाच. उभे राहिलो की खांद्याला खांदा लागतो, पण पंगतीला बसलो की तो माझ्यापेक्षा चार बोटं वर. त्याची उंची धडात, माझी पायांत. म्हणजे एकाच उंचीच्या आम्हा दोघांना दोन वेगळ्या खुर्च्या लागतात. एवढं कळायला माझ्या दोन खुर्च्या वाया गेल्या.

मी हळदीच्या व्यापाऱ्यांचे हिशेब बघतो. सुरुवातीला पेढीवर गादीवर मांडी घालून, लोडाला टेकून लिहायचो. तिथे उंच-बुटका भेद नव्हता. कॉम्प्युटर आला तसे आम्ही टेबलाशी गेलो आणि माझे गुडघे छातीकडे आले. पहिली खुर्ची मुळातच लहान होती. दुसरी घेताना दुकानदार म्हणाला, ‘साहेब, हिच्यापेक्षा मोठी येतच नाही.’ काळं रेक्झिन, डोक्याच्या वर गेलेली पाठ, बसल्यावर माणूस चेअरमन दिसावा अशी बॉस खुर्ची. मोठी होती ती फक्त पाठ. सीट पूर्ण वर केली तरी जमिनीपासून साडेअठरा इंच. गुडघे खुब्यांच्या वर गेले की कंबर मागे लोळते, तिचा नैसर्गिक बाक जातो आणि भार माकडहाडाकडे सरकतो. सीट पुढेही अपुरी, निम्मी मांडी अधांतरी. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ऑफिसात शिरलं तेव्हा आम्ही वह्या माळ्यावर टाकल्या, खुर्ची खाली राहिली. खरं सांगतो, वाईट वाटलं नाही.

तिसऱ्या वेळी दुकानात जायच्या आधी टेप घेतला. रोजच्या चपला घालून टणक स्टुलावर बसायचं, मांडी जमिनीला समांतर येईल असं. मग गुडघ्याच्या लवणीपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं माप साडेवीस इंच. हीच सीटची उंची, आणि तीसुद्धा माणूस बसल्यावरची, कारण फोम एखादा इंच सहज दबतो. दुसरं माप पाठ भिंतीला टेकवून, भिंतीपासून लवणीपर्यंत. त्यातून दोन-तीन बोटं वजा करायची, नाहीतर सीटची कड लवणीत रुतून पायाला मुंग्या येतात. उरते ती सीटची खोली, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतचं अंतर. माझी गरज वीस इंच निघाली, बाजारातल्या बऱ्याच खुर्च्या सतरा-अठरावर थांबतात. म्हणून ज्यांचे पाय लांब त्यांनी सीट पुढे सरकणारी खुर्ची शोधावी. बाकी सगळं दुय्यम. धड लांब असेल तर मात्र कंबरेचा आधार वर सरकतो का ते बघा, आणि डोक्याची उशी मानेखाली येऊन खांद्यांना पुढे ढकलत नाही ना, तेही. मामेभावाला ती उशी अजून टोचते.

अमेरिकेतल्या हर्मन मिलर कंपनीने १९९४ साली एरॉन नावाची खुर्ची काढली, ती ए, बी, सी अशा तीन मापांत. शर्टाला मापं असतात तर खुर्चीला का नकोत, हे मला फार पटलं. किंमत मात्र पटली नाही.

मग सीट सरकणारी, मध्यम किमतीची एक घेतली. खोली जमली, उंची दीड इंच कमी पडली. इथे खुर्च्या दुरुस्त करणारा एक पोरगा कामी आला. ज्याला आपण हायड्रॉलिक म्हणतो तो सिलिंडर खरं तर गॅसचा असतो आणि बहुतेक खुर्च्यांत तो नटबोल्टशिवाय, निमुळत्या टोकांवर घट्ट रुतून बसलेला असतो. त्याने हातोडीने ठोकून जुना काढला, लांब घातला. काम वीस मिनिटांचं. पण हाव करू नका. काउंटरच्या उंच स्टुलाचा सिलिंडर साध्या बेसवर बसवला तर मागे रेलताच खुर्ची उलटू शकते. बेस जेवढा पसरट तेवढं बरं.

खुर्ची वर गेल्यावर गुडघे टेबलाच्या खणाला आपटू लागले. सुताराकडून टेबलाच्या पायांखाली दोन इंचांचे सागवानी ठोकळे, वर खोबण केलेले, बसवून घेतले. स्क्रीनखाली जुन्या खतावण्या ठेवल्या.

आता अडचण एकच. मार्च अखेरीला बायको मदतीला ऑफिसात येते, ती पाच फूट एक इंच. माझ्या खुर्चीवर बसली की तिचे पाय लोंबकळतात. तिने घरून जेवणाचा जुना पाट आणून टेबलाखाली ठेवलाय, आणि एप्रिल उजाडला तरी तो मला हलवू देत नाही.