तुम्ही विचारलंत म्हणून : वीर्य गेल्याने हाडं झिजतात का?

हा प्रश्न खुर्चीत बसून फारसा कुणी विचारत नाही. नाडी बघून होते, औषधं लिहून होतात, माणूस उठतो, दारापर्यंत जातो, कडीला हात लावतो आणि तिथून वळून हळूच म्हणतो, "डॉक्टर, एक विचारू का? कंबर, गुडघे सारखे दुखतात. हाडांत जीवच नाही असं वाटतं. तरुणपणी वीर्य वाया घालवलं, त्यामुळे तर नसेल ना?" कधी पंचविशीतला मुलगा असतो, कधी साठी उलटलेले गृहस्थ. मी त्यांना परत बसवतो.

आधी सरळ उत्तर देतो. हस्तमैथुनाने, स्वप्नदोषाने किंवा शरीरसंबंधाने हाडं झिजत नाहीत. एका वेळी बाहेर पडणारं वीर्य साधारण दीड ते पाच मिलिलिटर असतं आणि त्यात बहुतेक पाणीच असतं. हाडांना उणं पडावं इतकं कॅल्शियम त्यातून जात नाही.

ही भीती आली कुठून तेही सांगायला हवं. आयुर्वेदाने शरीरात सात धातू, म्हणजे शरीर घडवणारे घटक, सांगितले : रस, रक्त, मांस, मेद, अस्थी (हाडं), मज्जा, शुक्र (ढोबळमानाने वीर्य). आधीच्या धातूतून पुढचा पोसला जातो. मग लोक हिशोब उलटा मांडतात, की शेवटचं भांडं गळलं म्हणजे वरची सगळी रिकामी होणार. ग्रंथांत असा उलटा क्षय आहे, नाही असं नाही. पण तो राजयक्ष्म्यासारख्या (क्षयासारख्या) आजारात सुकत चाललेल्या रोग्याबद्दल सांगितला आहे. शुक्र कशाने कमी होतं, हे चरक या आयुर्वेदाच्या प्राचीन आचार्याने एका श्लोकात दिलंय : म्हातारपण, चिंता, रोग, अतिश्रम, उपास आणि अतिमैथुन. या यादीत चिंता दुसरी आहे. माझ्यासमोरचा माणूस घाबरलेला असतो शेवटच्या कारणाला, आणि वर्षानुवर्षं उराशी धरून बसलेला असतो दुसरं.

असे एक चाळिशीचे गृहस्थ आठवतात. बोलताना हात टेबलावर होते. नखं टोकाशी पापुद्र्यासारखी सुटत होती. केस आणि नखं हे आपल्याकडे अस्थिधातूचे मल, म्हणजे त्यातून उरणारा टाकाऊ भाग, मानलेत, म्हणून नखांकडे माझं लक्ष आपसूक जातं. नुसत्या नखांवरून निदान होत नाही, पण पुढचे प्रश्न सुचतात. झोप किती? चार तास, कामाची पाळी रात्रीची. जेवण? मिळेल तेव्हा, बरेचदा कोरडंच. पाचव्या-सहाव्या प्रश्नाला कळलं की वर्षभर लिंगाला ताठरता नीट येत नव्हती आणि बायकोशी त्यांनी हा विषय काढलाच नव्हता.

वाग्भट या दुसऱ्या प्राचीन आचार्याने म्हटलंय की वात अस्थींच्या आश्रयाने राहतो. बाकीचे दोष (पित्त, कफ) वाढले की ते ज्यांत राहतात ती त्यांची घरंही वाढतात, इथे मात्र उलट आहे : वात वाढला की अस्थी घटते. जागरण, काळजी, रूक्ष अन्न, उपासमार ही सगळी वात वाढवणारी. शुक्र खाणारीही जवळपास तीच. म्हणून मला वाटतं, हाड आणि शुक्र एकमेकांना कमी करत नाहीत, दोघांना कमी करणारं कारण पुष्कळदा एकच असतं.

आधुनिक शास्त्रातही हे दोन धागे जवळ येतात. शुक्र म्हणजेच टेस्टोस्टेरॉन (पुरुषांचं मुख्य संप्रेरक, म्हणजे हार्मोन) असं समीकरण मी मांडणार नाही. पण टेस्टोस्टेरॉन फार उतरलं की पुरुषाची इच्छा मंदावते आणि हाडांची घनताही घटते. प्रोस्टेटच्या कर्करोगात हे संप्रेरक दाबणारी औषधं देतात, तेव्हा हाडांवर म्हणूनच लक्ष ठेवावं लागतं. चरकाने शुक्र शरीरभर असतं म्हणताना उसातला रस, दह्यातलं तूप, तिळातलं तेल अशा उपमा दिल्यात. मला त्या फार समर्पक वाटतात.

त्या गृहस्थांना मी आधी रक्तातली साखर बघायला लावली. ती वाढलेली निघाली. ताठरतेची तक्रार मधुमेहाची खूण असू शकते, तशीच हृदयविकाराचीही. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे बिघाड तिथे आधी जाणवतो. अशा माणसाला 'ताकदीची' गोळी देऊन घरी पाठवणं मला अपराध वाटतो. त्यातून 'शुद्ध वनस्पतीजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेसाठीचं आधुनिक औषध, मिसळलेलं सापडलंय. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) घेणाऱ्याच्या पोटात ते गेलं तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवावर बेततं.

वाजीकरण, म्हणजे कामशक्ती आणि शुक्र वाढवणारी चिकित्सा, हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक, मला त्याचा अभिमान आहे. पण शोधन, म्हणजे आधी शरीराची शुद्धी, न करता दिलेलं वाजीकरण म्हणजे मळक्या कपड्याला रंग देणं, असं वाग्भटच सांगतो. अस्थींच्या विकारात चरकाने बस्ती (औषधी एनिमा) आणि कडू द्रव्यांनी सिद्ध केलेलं दूध-तूप सांगितलंय. तेही पचनशक्ती पाहूनच. भूक मंद असताना घशाखाली उतरवलेलं तूप कुठल्याच धातूपर्यंत पोचत नाही. अश्वगंधाही मनाने सुरू करू नका, थायरॉइडची किंवा झोपेची औषधं चालू असतील तर मुळीच नको.

आणि हा प्रश्न बसल्याबसल्याच विचारत जा. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळीच करायची असते. दाराशी उभं राहून सांगितलंत की ती दुसऱ्या दिवसावर जाते, आणि दुसऱ्या दिवशी बरेच जण येत नाहीत.